बोलिंडर-मुंक्टेल: एका स्वीडिश ट्रॅक्टर-इंजिन कारखान्याचा इतिहास कसा अभ्यासावा

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराला इंजिनांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. दापोडी आणि चिंचवड भागात सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, अल्फा लाव्हाल आणि एसकेएफ या स्वीडिश मुळाच्या कंपन्यांनी कारखाने उभारले, आणि येथील कितीतरी फिटर, टर्नर व अभियंत्यांनी उमेदीची वर्षे त्यांच्या शॉप-फ्लोअरवर घालवली. ज्या देशाच्या बेअरिंगा आणि कटिंग टूल आपण रोज हाताळतो, त्या देशाचा यंत्रोद्योग कसा वाढला याविषयी मराठीत मात्र सलग लेखन फार थोडे आहे. बोलिंडर-मुंक्टेल या ट्रॅक्टर आणि इंजिने बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास अभ्यासून त्यावर मराठीत लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा हौशी अभ्यासकाने काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे जपून राहावे, हे येथे सांगितले आहे.

या अभ्यासाचे मुख्य सूत्र आधीच सांगून ठेवतो. कंपनीची नावे, मालक आणि पाट्या बदलत राहतात, म्हणून त्यांच्या मागे धावू नये. यंत्र कोणत्या इंधनावर चालत होते आणि ते गावात कोण दुरुस्त करू शकत होते, हे दोन प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली की कोणते नाव केव्हा आणि का बदलले, याचा उलगडा बहुतेक वेळा आपोआप होतो.

नावांचा गुंता आधी सोडवावा

एक मोठा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखावेत: वर्ष, त्या वर्षी कंपनीचे नाव, आणि त्या काळात कारखान्यातून बाहेर पडणारे यंत्र. तिसरा रकाना वगळून केवळ सनावळी लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण यंत्राशिवाय लिहिलेली सनावळी म्हणजे कंपनीच्या पत्रव्यवहारावरील बदलत्या शिक्क्यांची यादी ठरते.

या कागदावर सर्वांत वर दोन स्वतंत्र मुळे दाखवावी लागतील. पहिले मूळ मुंक्टेलचे. योहान थेओफ्रोन मुंक्टेल यांनी १८३२ साली एस्किलस्टूना या गावात यांत्रिक कर्मशाळा काढली. स्टॉकहोमच्या पश्चिमेला असलेले हे गाव लोखंडकाम आणि हत्यारांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध होते, त्यामुळे कारागीर जवळच मिळत होते. स्वीडनमध्ये बांधलेले पहिले रेल्वे इंजिन, ‘फोर्स्टलिंगेन’, याच कर्मशाळेत १८५३ साली पूर्ण झाले. पुढे मळणीयंत्रे आणि ती फिरवणारी, चाकांवर बसवून शेतात ओढत नेता येणारी वाफेची इंजिने हा या कारखान्याचा मोठा व्यवसाय बनला. म्हणजे ट्रॅक्टर बनवण्याच्या कितीतरी आधीपासून या कारखान्याचा शेतकऱ्याशी संबंध होता, ही गोष्ट टिपणात ठळकपणे नोंदवावी.

दुसरे मूळ बोलिंडरचे. जाँ आणि कार्ल गेरहार्ड बोलिंडर या भावांनी १८४४ साली स्टॉकहोममधील कुंग्सहोल्मेन बेटावर ओतशाळा आणि कर्मशाळा सुरू केली. त्यांच्या ओतशाळेतून बिडाच्या चुली, इमारतींचे खांब, लाकूड कापण्याच्या गिरण्यांची यंत्रे आणि वाफेची इंजिने बाहेर पडत. पुढे कारखान्याचा व्याप स्टॉकहोमच्या वायव्येला कालहेल येथे गेला. बिडाच्या चुली बनवणारे लोक इंजिनाकडे कसे वळले, असा प्रश्न मनात आला तर त्याचे उत्तर ओतकामात शोधावे. चांगले, सच्छिद्र नसलेले, सारख्या जाडीचे ओतीव काम ज्याला जमते, त्याला सिलिंडर आणि फ्लायव्हील (इंजिनाची गती सारखी ठेवणारे जड चाक) ओतता येते. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, नंतर लोखंडी नांगर बनवले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्या परंपरेतून पुढे पंप आणि इंजिने आली. दोन्ही देशांत शेतीची अवजारे आणि ओतशाळा यांच्या पोटी इंजिनाचा उद्योग जन्मला, हे साम्य मराठी वाचकाला लगेच समजते. लेखात त्याचा उपयोग करावा. मात्र त्यावरून दोन कंपन्यांचा परस्परांशी संबंध होता असे सुचवू नये.

हॉट बल्ब इंजिन समजल्याशिवाय पुढे जाऊ नये

या अभ्यासाचा गाभा हॉट बल्ब इंजिन, म्हणजे तापलेल्या पोकळ गोळ्याच्या उष्णतेने तेल पेटवणारे इंजिन आहे, आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. बोलिंडरने १८९३ साली अंतर्ज्वलन इंजिनांच्या निर्मितीत पाऊल टाकले, आणि पुढील काही दशकांत या कंपनीचे नाव जगभर झाले ते जाड, कमी शुद्ध केलेल्या तेलावर चालणाऱ्या हॉट बल्ब इंजिनांमुळे. ही कल्पना मुळात इंग्लंडमधील हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांची. १८९० च्या आसपास त्यांनी तिचे पेटंट घेतले आणि ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीने अशी इंजिने विकायला सुरुवात केली. त्यामुळे ‘हॉट बल्ब इंजिनाचा शोध बोलिंडरने लावला’ असे विधान कोठे वाचनात आले, तर ते स्वीकारू नये. बोलिंडरचे श्रेय त्या इंजिनाला दोन-स्ट्रोकच्या (पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जाताच एक स्फोट होणाऱ्या) साध्या रूपात बळकट करून नौकांपर्यंत पोहोचवण्याचे आहे, आणि तेही लहान नाही.

इंजिनाची रचना स्वतःच्या शब्दांत, आकृती काढून, लिहून पाहावी. सिलिंडरच्या माथ्यावर बिडाचा एक पोकळ गोळा असतो आणि तो अरुंद मानेने सिलिंडरशी जोडलेला असतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी हा गोळा ब्लोलॅम्पने बाहेरून तापवतात. तो पुरेसा लाल झाला की फ्लायव्हीलला झोका देऊन इंजिन फिरवतात. पंप गोळ्यात तेलाचा फवारा सोडतो, तप्त भिंतीवर त्या तेलाची वाफ होते, वर येणारा पिस्टन हवा त्या गोळ्यात ढकलतो आणि मिश्रण पेटते. एकदा इंजिन चालू झाले की प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेनेच गोळा तापलेला राहतो आणि ब्लोलॅम्प बाजूला करता येतो. दोन-स्ट्रोक रचनेत ताजी हवा क्रँककेसमध्ये दाबली जाऊन पोर्टमधून सिलिंडरमध्ये शिरते, त्यामुळे व्हॉल्व्ह, टॅपेट, कॅमशाफ्ट यांची गरजच उरत नाही. जास्त भारावर गोळा प्रमाणाबाहेर तापून इंजिन ठोकू लागे, म्हणून अनेक इंजिनांत हवेबरोबर पाण्याचे थेंब सोडण्याची सोय होती.

आता डिझेल इंजिनाशी तुलना करावी. डिझेलमध्ये केवळ हवेच्या प्रचंड दाबाने तेल पेटते, म्हणून तेथे दाबाचे गुणोत्तर साधारण १५ पट किंवा त्याहून अधिक लागते. हॉट बल्ब इंजिनात ते ३ ते ५ पटच असे. या एका फरकातून बाकीचे सर्व फरक निघतात. दाब कमी म्हणून सिलिंडर, हेड आणि क्रँक साध्या ओतीव कामाचे चालतात. तेलाचा फवारा कमी दाबाने सोडायचा म्हणून पंप आणि नोझल अतिसूक्ष्म मापाचे लागत नाहीत. आणि पेटवण्याचे काम गोळ्याची उष्णता करत असल्याने रॉकेलपासून जाड क्रूड तेलापर्यंत जे मिळेल ते चालते. त्याची किंमतही मोजावी लागते. त्याच ताकदीसाठी इंजिन अवजड आणि मंद गतीचे होते, तेल जास्त खाते, आणि सुरू करायला वेळ लागतो. पण ज्या कोळ्याच्या नावेवर सुटा भाग मिळायला पुढच्या बंदरापर्यंत वाट पाहावी लागते, त्याला कमी तेल खाणाऱ्या पण नाजूक इंजिनापेक्षा जास्त तेल खाणारे पण कोठेही चालणारे इंजिन परवडते. मासेमारी नौकांवर बोलिंडर इंजिने का पसरली, आणि १९१२ पासून ब्रिटनमधील कालव्यांवर मालवाहू नावांना ती का बसवली गेली, हे या हिशोबातून समजते. नौकांसाठी आणखी एक सोय होती: वेग कमी करून योग्य क्षणी तेल आधी सोडले की दोन-स्ट्रोक इंजिन उलटे फिरू लागे, त्यामुळे वेगळ्या रिव्हर्स गिअरशिवाय नाव मागे घेता येई.

ब्लोलॅम्पचा उल्लेख आला की तेथे थोडे थांबावे, कारण येथे मराठी घराशी थेट नाते लागते. रॉकेल पंपाने दाबून, तापलेल्या नळीत त्याची वाफ करून निळी ज्योत मिळवण्याचे तंत्र स्वीडनमध्ये विशेष विकसित झाले. कार्ल रिकार्ड न्यूबेरी यांचे ब्लोलॅम्प आणि फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांचा १८९२ चा प्रायमस स्टोव्ह ही त्याची उदाहरणे आहेत. पुण्याच्या वाड्यांत पिढ्यानपिढ्या जो स्टोव्ह पंप मारून पेटवला गेला, ते तंत्र आणि बोलिंडर इंजिनाच्या गोळ्याखालील ज्योत एकाच घराण्यातील आहेत. ज्यांनी आजीला स्टोव्हला पिन मारताना पाहिले आहे, त्यांना ब्लोलॅम्प समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हा भाग केवळ वाचून पुरत नाही. जुन्या मंद गतीच्या ऑइल इंजिनाजवळ प्रत्यक्ष उभे राहून हँडल, डिकॉम्प्रेशन लिव्हर, फ्लायव्हील आणि नोझल पाहावे. आपल्याकडील विहिरींवर आणि गुऱ्हाळांत जी इंजिने होती ती बहुतेक खरी डिझेल इंजिने होती, हॉट बल्ब नव्हे, हा फरक मनात पक्का ठेवून ती पाहावीत. खडकी, चिंचवड, भोसरी भागांतील निवृत्त फिटरना भेटावे आणि मंद गतीच्या इंजिनाचे लायनर किती दिवस टिके, तेलात भेसळ झाली तर काय होई, फ्लायव्हीलचा झोका चुकला तर हाताला काय इजा होई, असे नेमके प्रश्न विचारावेत. त्यांच्या उत्तरांतून स्वीडनच्या बंदरातील मेकॅनिकचे जगही कळू लागते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात यंत्रांवरील पितळी पाट्या वाचण्याचा सराव करता येतो: निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, अश्वशक्ती, फेरे आणि पेटंटचे वर्ष या पाच गोष्टी कोणत्याही देशाच्या पाटीवर शोधायला शिकावे. तांत्रिक पायासाठी १८५४ च्या परंपरेतील पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (आताचे सीओईपी विद्यापीठ) आणि शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या इंजिनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांची चौकशी करावी. हॉट बल्ब प्रचलित असताना लिहिलेले पुस्तक आजच्या पुस्तकापेक्षा या कामाला अधिक उपयोगी पडते.

ट्रॅक्टर, विलीनीकरण आणि युद्धकाळ

मुंक्टेलने १९१३ साली स्वीडनमधील पहिला ट्रॅक्टर बनवला. त्याची ताकद ३० ते ४० अश्वशक्ती होती, वजन ८ टनांहून अधिक होते, आणि त्याचे दोन सिलिंडरांचे हॉट बल्ब इंजिन सुमारे १४ लिटरचे होते. वाचकाला हे आकडे नुसते देऊ नयेत. ४० अश्वशक्तीसाठी एवढे मोठे इंजिन का लागले, याचे उत्तर कमी दाब आणि मंद गती यांत आहे, आणि मागील विभागातील मेहनत येथे उपयोगी पडते. एवढे वजन ओल्या मातीत रुततेही, म्हणून पुढील वर्षांत कारखाना हलक्या ट्रॅक्टरांकडे वळला. अश्वशक्तीचे आकडे नोंदवताना सावध राहावे: स्वीडिश कागदपत्रांतील अश्वशक्ती मेट्रिक, म्हणजे सुमारे ७३५.५ वॅटची असते, तर ब्रिटिश अश्वशक्ती सुमारे ७४५.७ वॅटची. फरक दीड टक्क्याच्या आतला आहे, परंतु तक्त्यात दोन्ही मिसळल्यास जाणकार वाचकाचा विश्वास उडतो.

जागतिक मंदीच्या काळात, १९३२ साली, दोन्ही मुळे एकत्र येऊन बोलिंडर-मुंक्टेल ही कंपनी झाली आणि उत्पादनाचे केंद्र एस्किलस्टूना ठरले. कागदावरील दोन रेघा येथे जोडाव्यात. एकाकडे इंजिनाचे ज्ञान आणि जगभरची कीर्ती होती, दुसऱ्याकडे शेतीयंत्रांचा अनुभव आणि ट्रॅक्टर होते. त्यामुळे हे विलीनीकरण यांत्रिक दृष्टीनेही समजण्यासारखे आहे.

त्यानंतर इंधनाचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला, तरी समुद्रमार्गे येणारे तेल जवळजवळ थांबले. लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जाळून मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनयुक्त वायूवर, म्हणजे प्रोड्यूसर गॅसवर, मोटारी आणि ट्रॅक्टर चालवावे लागले. भारतातही त्या काळात कोळशाच्या गॅसवर गाड्या धावत होत्या, हे लक्षात घेतल्यास वाचकाला चित्र चटकन उभे करता येते. याच टंचाईत बोलिंडर-मुंक्टेल आणि व्होल्व्हो यांनी ट्रॅक्टरसाठी एकत्र काम सुरू केले. व्होल्व्होजवळ इंजिने होती आणि बोलिंडर-मुंक्टेलजवळ ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स व मागील अ‍ॅक्सलचे ज्ञान होते. १९५० साली व्होल्व्होने कंपनीच विकत घेतली. तो व्यवहार अचानक झाला असे वाटू नये म्हणून युद्धकाळातील हा सहकार्याचा परिच्छेद वगळू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चिंचवडच्या वाचकांसाठी येथे एक उपयुक्त दुवा आहे. व्होल्व्हो ही कंपनी मुळात गोथेनबर्गच्या एसकेएफ या बेअरिंग कंपनीच्या पोटी जन्मली. स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ साली स्वतःहून सरळ होणारी बॉल बेअरिंग बनवली, त्यावर एसकेएफ उभी राहिली, आणि १९२७ साली व्होल्व्होची पहिली मोटार बाहेर पडली. त्यामुळे बेअरिंग, मोटार आणि ट्रॅक्टर हे स्वीडिश उद्योगाचे धागे एकत्र दाखवता येतात.

हॉट बल्ब इंजिन लगेच गेले नाही. १९४७ च्या बीएम १० (बीएम म्हणजे बोलिंडर-मुंक्टेल) या लहान ट्रॅक्टरातही ते होते. १९५२ च्या बीएम ३५ पासून थेट फवाऱ्याच्या डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. जर्मनीतील बॉशने १९२७ पासून डिझेलचे फवारा-पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली होती, आणि ते पंप स्वस्त व विश्वासार्ह होत गेले तशी हॉट बल्बची मूळ गरजच संपत गेली. गावातील मेकॅनिकला पंप उघडता येत नसला तरी चालू लागले, कारण बदली पंप मिळू लागला. याच काळातील छायाचित्रे पाहताना रंगाकडे लक्ष द्यावे: तेच यंत्र हिरव्या रंगात बीएम म्हणून आणि लाल रंगात व्होल्व्हो म्हणून विकले जाई, म्हणून रंगावरून वेगळे मॉडेल मोजू नये.

शाखा कोठे गेल्या

पुढचा भाग थोडक्यात आटोपला तरी चालेल, मात्र दोन फांद्या स्वतंत्र दाखवाव्यात. पहिली बांधकाम यंत्रांची. १९५४ साली ट्रॅक्टरच उलटा वापरून, मोठी चाके पुढे आणि चालकाचे तोंड त्यांच्याकडे करून, एच १० हा लोडर तयार झाला. १९६६ साली मधोमध वळणारा डंपर मालिकेने बनू लागला. १९७३ साली कंपनीचे नाव व्होल्व्हो बीएम झाले, १९८५ साली अमेरिकी क्लार्क कंपनीबरोबर भागीदारी झाली, आणि १९९५ पासून हा उद्योग व्होल्व्हो कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट या नावाने चालतो. ही कंपनी आपला वारसा १८३२ पासून मोजते, जरी व्होल्व्हो नाव त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आले. कंपन्यांनी स्वतः सांगितलेली वंशावळ खरेदीबरोबर हातात येते, हे लेखात स्पष्ट लिहावे. त्यात लबाडी नाही, परंतु स्थापनेचे वर्ष लिहिताना ते कोणत्या मुळाचे हे सांगणे आवश्यक आहे.

दुसरी फांदी ट्रॅक्टरांची. १९७९ च्या सुमारास फिनलंडच्या वाल्मेटशी सहकार्य ठरले, १९८२ पासून संयुक्त नावाचे ट्रॅक्टर बाजारात आले आणि दशकाच्या मध्यापर्यंत ट्रॅक्टरनिर्मिती पूर्णपणे फिनलंडकडे गेली. वाल्मेटचे ट्रॅक्टर पुढे वाल्ट्रा झाले, आणि २००४ साली ती कंपनी अमेरिकी एजीसीओ समूहात गेली. म्हणजे एस्किलस्टूनाच्या ट्रॅक्टरचा वारसदार शोधायचा असेल तर आज सुओलाहती येथील फिन्निश कारखान्याकडे पाहावे लागते.

‘पहिला’ हा शब्द आला की प्रत्येक वेळी त्यापुढे मर्यादा लिहावी: स्वीडनमधील पहिला, मालिकेने बनलेला पहिला, की जगातील पहिला. १९१३ चा ट्रॅक्टर स्वीडनमधील पहिला आहे. जगात त्यापूर्वी ट्रॅक्टर होते. एकाच गोष्टीची दोन वर्षे मिळाली, तर आराखडा, पहिला नमुना आणि विक्रीची सुरुवात यांपैकी कशाचे वर्ष कोणते, हे आधी तपासावे; बहुतेक वेळा दोन्ही वर्षे आपापल्या जागी बरोबर असतात. तरीही प्रश्न सुटला नाही, तर एस्किलस्टूना येथील मुंक्टेल संग्रहालयाला इंग्रजीत नेमका, एकच प्रश्न असलेले पत्र लिहावे आणि यंत्राच्या पाटीचे छायाचित्र असल्यास सोबत जोडावे.

स्वीडिश नावांचे देवनागरी लेखन सुरुवातीलाच ठरवून संपूर्ण लेखात तेच ठेवावे. मसुदा तयार झाला की तो एखाद्या अनुभवी इंजिन-फिटरला वाचून दाखवावा, आणि हॉट बल्बच्या परिच्छेदावर त्याने जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे मजकुरात घालूनच लेख छापायला द्यावा.